पोहण्याचा गॉगल घेताना: आधी चेहरा, मग रंग, मग किंमत

एप्रिलच्या सुट्टीतल्या बॅचला दरवर्षी एखादं तरी असं मूल येतं, जे पाय छान मारतं, बोर्ड धरून अर्धी लेन जातं, पण तोंड पाण्यात घालायचं म्हटलं की काठ सोडत नाही. गेल्या उन्हाळ्यात असाच एक नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याची आई बाहेरून सांगायची, "ताई, याला पाण्याची भीतीच आहे हो. घरी बादलीतसुद्धा तोंड घालत नाही." तिसऱ्या दिवशी मी त्याला उथळ बाजूच्या पायरीवर बसवलं, गॉगल घालायला लावला आणि नुसतं माझ्याकडे बघ म्हटलं. नाकालगतच्या दोन्ही कोपऱ्यांत सिलिकॉनची कड उचललेली दिसत होती. तांदळाचा दाणा सहज आत सरकला असता एवढी फट. गॉगल मोठ्यांच्या मापाचा होता आणि तो बसावा म्हणून पट्टा इतका आवळला होता, की कानांच्या वर लाल वळ उठले होते. पोरगं रोज हिंमत करून तोंड पाण्यात घालत होतं आणि दोन सेकंदांत डोळ्यांत क्लोरीनचं पाणी शिरत होतं. माझ्या पिशवीत मुलांच्या मापाचा एक जादा गॉगल असतो, तो धुऊन त्याला दिला. पोहायला तो काही लगेच शिकला नाही. पण त्याच दिवशी तोंड बुडवून तळाच्या टाइल्स मोजायला लागला आणि दर वेळी वर येऊन आकडा सांगायला लागला.

तलावावर इतक्या सकाळी घालवल्यावर माझं ठाम मत झालंय, की मुलांची किंवा मोठ्यांचीही भीती म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच काही गळक्या गॉगलमुळे असतं. आणि गॉगल गळतो, कारण आपण तो उलट्या क्रमाने विकत घेतो. आधी रंग आवडतो, मग किंमत पटते आणि चेहऱ्याला बसतो की नाही हे पाण्यात उतरल्यावर कळतं. हा क्रम सुलट कसा करायचा, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

गॉगल डोळ्यांसाठी काय करतो

पाण्याखाली उघड्या डोळ्यांना सगळं धूसर दिसतं, ते पाणी गढूळ असतं म्हणून नव्हे. आपल्या डोळ्याची प्रकाशकिरण वळवण्याची सुमारे दोन तृतीयांश ताकद बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची असते. ही ताकद कॉर्नियाच्या पुढे हवा असेल तरच चालते. पाणी आणि कॉर्निया यांचा प्रकाश वळवण्याचा गुण जवळपास सारखाच असल्यामुळे डोळा पाण्याला टेकला की ती ताकद जवळजवळ नाहीशी होते. गॉगल डोळ्यासमोर हवेचा एक छोटा कप्पा धरून ठेवतो आणि दिसणं परत येतं. म्हणूनच त्या कप्प्यात पाण्याचा थेंब शिरला की सगळं बिघडतं.

दुसरं काम डोळ्यांची आग वाचवण्याचं. तलावावर नाकाला झोंबणारा तो "क्लोरीनचा वास" येतो, त्याला बरेच पालक पाणी स्वच्छ असल्याची खूण समजतात. खरं तर क्लोरीन घामाशी, लघवीशी, अंगावरच्या मळाशी मिसळून जी क्लोरामाइन्स तयार होतात, त्यांचा तो वास. डोळे लाल होतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळे. म्हणून तलावात उतरण्याआधी शॉवर घ्या अशी पाटी लावलेली असते. ती पाटी सगळ्यांनी मानली तर सगळ्यांच्याच डोळ्यांची आग कमी होईल.

पहिली पायरी: पट्टा न लावता बघा

दुकानात गॉगल हातात घेतलात, की पट्टा मागे टाकायचा नाही. पट्टा पुढे लोंबू दे. आरशासमोर उभं राहा, दोन्ही कप डोळ्यांच्या खोबणींवर ठेवा आणि तर्जनी-मधल्या बोटांनी दोन्हीकडून हलकेच आत दाबा. आतली थोडी हवा बाहेर जाईल आणि कप चेहऱ्याला चिकटतील. आता बोटं काढा. गॉगल दोन-तीन सेकंद तसाच चिकटून राहिला, तर तो तुमच्या चेहऱ्याचा आहे. लगेच गळून पडला, किंवा एकच बाजू चिकटली आणि दुसरी सुटली, तर पुढचा उचला. दुकानदार म्हणेल, "पट्टा लावून बघा ना, बसेल." पट्टा लावल्यावर प्रत्येक गॉगल बसल्यासारखा वाटतो, म्हणून तर ही चाचणी पट्ट्याशिवाय करायची.

चाचणी करताना काही गोष्टी बारकाईने बघा. पापण्या मिटून उघडा. पापण्यांचे केस काचेला घासत असतील तर कप उथळ आहे, पाण्यात दर मिटण्याला गुदगुल्या होतील आणि काचेवर तेलकट डाग पडतील. भुवयांच्या हाडावर आणि गालाच्या वरच्या हाडावर कड सारखी टेकलेली हवी. केस कानामागे सारा, कारण एकच केस कडेखाली अडकला तरी तिथून पाणी झिरपतं. सनस्क्रीन किंवा जाड क्रीम लावून गेला असाल तर पुसून घ्या, नाहीतर चांगला गॉगलही घसरून फसवेल. आणि खोटं हसून बघा. हसताना गाल वर येतात आणि कड उचलते. श्वास घ्यायला तोंड बाजूला वळवून उघडलं की चेहरा असाच हलतो. दुकानात हसताना सुटणारा गॉगल पाण्यात श्वास घेताना गळणार.

बहुतेकांचा गॉगल गळतो तो नाकाच्या बाजूने. दोन कपांमधली नाकावरची पट्टी, म्हणजे ब्रिज, तीन प्रकारची मिळते. काही गॉगलमध्ये सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं असतं. ते टिकाऊ आणि सोपे, पण नाकाची रुंदी जुळली तर जुळली. दुसऱ्या प्रकारात पाकिटातच तीन-चार वेगवेगळ्या मापांच्या पट्ट्या येतात आणि काढ-घाल करता येते. नाक बरंच रुंद किंवा फार निमुळतं असेल, तर हाच प्रकार घ्यावा असं मी सांगेन. कोपऱ्यात नाकाकडून पाणी येत असेल तर एक माप लहान लावा, आणि कप नाकाच्या हाडावर चढून दुखत असेल तर एक माप मोठी. लोक ही जादा पट्ट्यांची पिशवी पाकिटाबरोबर फेकून देतात. कृपा करून फेकू नका.

तिसरा प्रकार स्वीडिश गॉगलचा. स्वीडनच्या माल्मस्टेन कंपनीने 1970 च्या दशकात आणलेला हा गॉगल आजही स्पर्धेतले अनेक जण वापरतात. त्याला रबराची किंवा सिलिकॉनची कड नसतेच. कडक प्लॅस्टिकचे कप थेट खोबणीत बसतात आणि नाकावरची दोरी एका छोट्या नळीतून ओवून स्वतः बांधायची असते. दोरीची गाठ मिलिमीटरच्या हिशेबाने सैल-घट्ट करता येते, म्हणून बसला की असा बसतो की सूर मारला तरी हलत नाही. पण नवशिक्याने तो घेऊ नये, आणि मुलांना तर नकोच. कडक कड हाडावर टोचते, आणि सवय व्हायला वेळ लागतो.

कडेचा मऊपणा बोटाने दाबून बघा. सिलिकॉन दाबलं की दबतं आणि सोडलं की लगेच मूळ आकारात येतं. स्वस्त गॉगलची कड बरेचदा टणक प्लॅस्टिकसारखी असते. ती डोळ्याभोवती गोल खुणा पाडते आणि काही महिन्यांत आणखी कडक होते. फोमची कड सुरुवातीला मऊ वाटते, पण ती पाणी शोषते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते.

हा चिकटण्याचा खटाटोप नवा नाही. 1926 साली गर्ट्रूड एडर्ली ही इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली महिला ठरली, तेव्हा पोहण्यासाठी बनवलेले चांगले गॉगल मिळतच नव्हते. तिने मोटारसायकलवाल्यांच्या धर्तीचा गॉगल घेतला आणि त्याच्या कडा मेणाने बुजवून पाणी अडवलं. आज हे काम दुकानात आरशासमोर दोन मिनिटांत होतं, तेवढी दोन मिनिटं द्या.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची सोय आहे ना एवढं आधी बघा, आणि घरी आरशासमोर हीच चाचणी कोरड्या चेहऱ्यावर करा. पाण्यात नेलेला गॉगल सहसा कोणी परत घेत नाही.

दुसरी पायरी: पट्टा, आणि तो किती आवळायचा

पाणी अडतं ते चेहऱ्याला चिकटलेल्या कडेने. पट्ट्याचं काम गॉगलला जागेवर ठेवण्याचं. हे एकदा पटलं की पट्टा आवळायची सवय आपोआप सुटते. जास्त आवळल्यावर कड एका बाजूने वाकते आणि तिथूनच पाणी येतं. मग आपण आणखी आवळतो आणि तास संपेपर्यंत डोकं दुखायला लागतं. गॉगल गळतोय असं वाटलं, तर एकदा पट्टा थोडा सैल करून बघा. माझ्या बॅचमधल्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

पट्टा डोक्यावर कुठे बसतो हेही महत्त्वाचं. मागून बघितलं तर तो डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहून बोटभर वर हवा. मानेकडे उतरला तर कपांची खालची कड गालात रुतते आणि वरून हवा सुटते. दुहेरी पट्टा असेल तर एक भाग थोडा वर आणि एक थोडा खाली ठेवा, दोन्ही एकावर एक नकोत. टोपी घालत असाल तर सरावाला पट्टा टोपीच्या वर चालतो. सिलिकॉनचा पट्टा रबरापेक्षा जास्त टिकतो. रबर ऊन आणि क्लोरीन यांनी चिकट होतं, त्याला बारीक भेगा पडतात आणि नेमका पोहताना तुटतो.

बकल ओल्या हाताने उघडता येतं का, हे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांनी जरूर बघावं. आमच्याकडे साठी ओलांडलेले काका-काकू येतात. त्यांना बाजूला बटण दाबून ओढायचा पट्टा सोयीचा पडतो. मागे हात नेऊन दातेरी बकलमधून पट्टा सरकवणं दुखऱ्या खांद्याला अवघड जातं. आणि ज्यांना काचबिंदू आहे किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांनी छोटे, खोबणीत घट्ट बसणारे गॉगल टाळावेत. डोळ्याभोवतीच्या मऊ भागावर दाब पडला की डोळ्याच्या आतला दाबही वाढू शकतो. हाडावर टेकणारा मोठ्या चौकटीचा, मास्कसारखा गॉगल बरा. मोतीबिंदूनंतर किंवा लेसरनंतर पाण्यात कधी उतरायचं, हे मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

तिसरी पायरी: काचेचा रंग, म्हणजे तुम्ही कधी आणि कुठे पोहता

आता रंगाकडे या. काच म्हणतो खरं, पण ती पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. फुटून तिचे तुकडे होत नाहीत, आणि हे प्लॅस्टिक मुळातच अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतं. तरी उन्हात पोहणाऱ्याने पाकिटावर अतिनील संरक्षणाचा उल्लेख आहे का ते बघून घ्यावं.

बंदिस्त तलावात किंवा हिवाळ्यात पहाटे सहाच्या बॅचला पोहत असाल तर पारदर्शक किंवा अगदी फिकट निळी काच. अंधुक उजेडात काळ्या काचेने तळाची पट्टीसुद्धा दिसत नाही आणि समोरून येणाऱ्यावर डोकं आपटतं. उघड्या तलावावर सकाळी नऊनंतर किंवा दुपारी पोहत असाल तर धुरकट काळी किंवा आरशासारखी चकाकणारी काच. पाठीवर पोहणाऱ्याला याची गरज सर्वांत जास्त, कारण तो सतत आकाशाकडे बघत असतो. पिवळसर काच ढगाळ दिवशी कडा ठळक दाखवते, पण भर उन्हात नको. एकच गॉगल घ्यायचा असेल आणि बॅच कधी सकाळी कधी संध्याकाळी असेल, तर मध्यम निळा किंवा फिकट धुरकट घ्या.

समुद्रात पोहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आपला कोकणकिनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी आत जाताना सूर्य पाठीशी असतो आणि किनाऱ्याकडे परत वळलात की तो थेट डोळ्यांत येतो, वर पाण्यावरची चकाकी. अशा वेळी किनाऱ्यावरची खूण, एखादं देऊळ, माड किंवा झेंडा बघून दिशा धरायची असते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी स्पर्धा होते, तिथे पहिल्यांदा उतरणाऱ्यांना मी हेच सांगते: जाताना किती छान दिसतं यावर काच ठरवू नका, येताना काय दिसेल ते बघा. पोलराइज्ड काच पाण्यावरची चकाकी चांगली कापते. समुद्रासाठी कप जरा मोठे आणि बाजूचं दिसणारे हवेत. लाटेचा मार बसतो, म्हणून कडही रुंद आणि मऊ हवी. धरमतर ते गेटवेसारखं लांबचं पोहणं रात्रीत किंवा पहाटे सुरू होणार असेल, तर पारदर्शक काचेचा गॉगल अंगावर आणि उन्हाचा गॉगल सोबतच्या होडीत, अशी जोडीच लागते.

चष्मा असेल तर

चष्मा असलेले कित्येक जण वर्षानुवर्षं नंबर नसलेल्या गॉगलने पोहतात आणि काठावरचं घड्याळ दिसत नाही म्हणून चिडतात. नंबरचे तयार गॉगल मिळतात. वजा नंबरचे सर्रास, अधिक नंबरचे जरा शोधावे लागतात. ते साधारण अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने येतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर डावी आणि उजवी काच सुटी घेऊन जोडायची सोय असलेला प्रकार बघा.

नंबर कसा निवडायचा ते उदाहरणाने सांगते. समजा चष्म्याच्या कागदावर उजव्या डोळ्याला वजा 3.00 आणि सिलिंडर (कॉर्नियाच्या असमान गोलाईसाठीचा नंबर) वजा 1.00 असं लिहिलंय. तयार गॉगलमध्ये सिलिंडर नसतो. म्हणून सिलिंडरचा अर्धा, म्हणजे 0.50, मुख्य नंबरात मिळवायचा. झाले वजा 3.50. तुमचा हिशेब दोन टप्प्यांच्या मध्ये पडला, समजा वजा 3.75 आला, तर कमी ताकदीचा, म्हणजे वजा 3.50 घ्या, वरचा नको. पाण्याखाली सपाट काचेतून वस्तू एरवीपेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडा कमी नंबर खपून जातो. जास्त नंबरने मात्र डोळ्यांवर ताण येतो. सिलिंडर दोन किंवा त्याहून जास्त असेल तर तयार गॉगलने समाधान होणार नाही, चष्म्याच्या दुकानातून खास बनवून घ्यावा लागेल. चाळीशीचा नंबर इथे धरायचा नाही, फक्त लांबचा.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहू नका. अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव नळाच्या, विहिरीच्या, तलावाच्या अशा कुठल्याही पाण्यात असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर कॉर्नियाला होणारा संसर्ग फार वेदना देणारा आणि बरा व्हायला अवघड असतो. नजर गमावण्याइतका हा धोका खरा आहे. नंबरचा गॉगल घ्या आणि लेन्स घरी डबीत ठेवा.

मुलांसाठी घेताना

मुलाला सोबत न्या, हे सगळ्यात आधी. "मोठा घेऊ, दोन वर्षं चालेल" हा शाळेच्या गणवेशाचा हिशेब गॉगलला लागू होत नाही. डोळ्यांची खोबणी आणि नाक लहान असतं, म्हणून लहान मुलांचं आणि मोठ्या मुलांचं माप पाकिटावर वेगळं दिलेलं असतं. वयाचा आकडा अंदाज देतो, खरं ठरवायचं ते चिकटण्याच्या चाचणीने. नाक झाकणारा मोठा मास्क पोहायला शिकणाऱ्या मुलाला देऊ नका. पाण्यात नाकातून हवा सोडायला शिकणं हा पहिल्या आठवड्याचा मुख्य धडा असतो आणि मास्कमध्ये तो शिकताच येत नाही.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी करून दाखवते. गॉगलचे कप पुढे ओढून मग सोडायचे नाहीत. मुलं आतलं पाणी काढायला किंवा गंमत म्हणून कप डोळ्यांपासून पुढे ताणतात, ओला हात निसटतो आणि ताणलेल्या पट्ट्याच्या जोराने कडक कप डोळ्यावर येऊन आदळतो. यातून बुबुळाला गंभीर इजा झाल्याच्या घटना डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्या आहेत. घालताना आधी कप डोळ्यांवर ठेवायचे, एका हाताने तसेच धरायचे आणि दुसऱ्या हाताने पट्टा मागे न्यायचा. काढताना दोन्ही अंगठे कानांच्या मागून पट्ट्याखाली घालायचे, पट्टा डोक्यावरून पुढे आणायचा आणि गॉगल शेवटी डोळ्यांवरून उचलायचा. मुलाला हे घरी आरशासमोर दहा वेळा करू द्या. कोरड्या हातांनी जमलं की ओल्या हातांनी.

आणि डोळे आलेल्या मुलाचा गॉगल दुसऱ्याला देऊ नका. खरं तर त्याला त्या आठवड्यात तलावावरच पाठवू नका.

स्पर्धा आणि सूर

स्पर्धेचा गॉगल छोटा, चेहऱ्यालगत बसणारा असतो, म्हणजे सूर मारताना पाण्याला अडायला जागा उरत नाही. तो सरावात निदान दोन आठवडे वापरल्याशिवाय स्पर्धेला नेऊ नका. सूर मारताना हनुवटी छातीकडे असली आणि पाणी डोक्याच्या टाळूने कापलं, तर गॉगल सहसा सुटत नाही. मान वर करून समोर बघत उडी मारली की कुठलाही गॉगल उलटतो. बरेच जलतरणपटू आधी एक टोपी, त्यावर पट्टा आणि त्यावर दुसरी टोपी घालतात.

इतकं करूनही कधी घात होतोच. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत मायकेल फेल्प्सचा गॉगल पाण्याने भरला. शेवटी त्याला भिंत दिसतच नव्हती. हात किती मारले ते मोजत तो पोहला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकला. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना मी एका लेनला आपले किती हात लागतात ते मोजून पाठ करायला लावते, ते यासाठी.

खोल डुबकीला हा गॉगल चालत नाही

तारकर्लीला किंवा गोव्याला स्नॉर्केलिंगला जाताना तलावाचाच गॉगल नेणारे पाहिले आहेत. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, दर 10 मीटरला साधारण एक वातावरण इतका. गॉगलच्या कपातली हवा बंद असते आणि तिच्यात भर घालायला वाट नसते. त्यामुळे कप डोळ्यांवर ओढला जातो आणि दोन-तीन मीटरवरच दुखायला लागतं, डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. डुबकीचा मास्क नाकासकट झाकतो आणि आपण नाकातून हवा सोडून तो दाब सारखा करतो. तलावाच्या खोल बाजूला तळावरची वस्तू आणायचा खेळ खेळतानाही हे ध्यानात ठेवा.

धुकं धरतं त्याचं काय

आत धुकं धरणं ही गॉगलबद्दलची दुसऱ्या क्रमांकाची तक्रार. चेहऱ्याच्या उबेने आणि घामाने कपातली हवा दमट होते, बाहेरचं पाणी काच थंड करतं आणि आतली वाफ काचेवर थेंब होऊन बसते. नव्या गॉगलच्या आतल्या बाजूला पाणी पसरवणारा एक थर दिलेला असतो. त्याने थेंब साठण्याऐवजी पातळ पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं. हा थर बोटाने पुसला की जातो. म्हणून पहिला नियम, आतल्या बाजूला बोट, टॉवेल, रुमाल काहीच लावायचं नाही. धुकं आलं तर गॉगल काढून थोडं पाणी आत घ्या, खळबळून सोडून द्या. घालण्याआधी चेहऱ्यावर तलावाचं पाणी मारून घेतलं आणि गॉगलही बुडवून काढला, तर दोघांचं तापमान जवळ येतं आणि धुकं उशिरा धरतं.

काही महिन्यांनी तो थर संपतोच. तेव्हा लहान बाळाच्या शांपूचा एकच थेंब ओल्या काचेच्या आत टाकायचा, करंगळीने हलकेच फिरवायचा आणि वाहत्या पाण्याखाली फेस जाईपर्यंत धुवायचा. मग गॉगल न पुसता नुसता झटकायचा. फेस राहिला तर डोळे चुरचुरतील, एवढं सांभाळा. जुने पोहणारे थुंकी लावतात, तीही काम करते. टूथपेस्ट मात्र लावू नका, तिने काचेवर ओरखडे पडतात.

पोहून झाल्यावर गॉगल साध्या पाण्याने धुवा, झटका आणि सावलीत वाळवा. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत कोंबला की कड कुबट होते आणि काच घासली जाते. चष्म्याचं जुनं कडक घर यासाठी उत्तम. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका, कप वाकतात.

किती खर्च करावा

रोज पोहणाऱ्याला साधारण पाचशे ते हजार रुपयांत चांगला सिलिकॉन कडेचा, ब्रिज बदलता येणारा गॉगल मिळतो. त्यावरचे पैसे बहुतेक वेळा आरशाच्या काचेचे, पोलराइज्डचे किंवा स्पर्धेच्या रचनेचे असतात. त्यांची गरज असेल तरच द्या. रस्त्यावर मिळणारे अगदी स्वस्त गॉगल मुलाला देऊ नका. काचेतून बघताना खांब वाकडा दिसला किंवा सरळ रेष लहरी दिसली, तर तो डोळ्यांना त्रास देणार. दुकानात दाराच्या चौकटीकडे बघत डोकं डावी-उजवीकडे हलवा, चौकट हलताना वाकली नाही तर काच सरळ आहे.

कड पिवळी पडून कडक झाली, पट्ट्यावर ताणल्यावर भेगा दिसल्या, किंवा तीच चिकटण्याची चाचणी आता दोन सेकंदही टिकत नसेल, तर गॉगल बदला. नवा जमेपर्यंत जुना टाकू नका. पिशवीत जादाचा म्हणून ठेवा, धुऊन, चष्म्याच्या घरात घालून. बॅचमध्ये कोणाचा ना कोणाचा पट्टा तुटलेला असतोच.